विशाखातली एक जागा

"हलू नकोस," मी जोएलला म्हणाले आणि त्याच्या कॉलरला माइकची चिमटी लावली. "आणि घाई करू नकोस. तिसरं चित्र लोकांना नीट बघू दे."

"तिसऱ्या चित्रावर मी स्वतःच अडकतो," तो म्हणाला. "काल हॉटेलच्या आरशासमोर बोलून बघितलं. तिथे आलो की वाटतं, हे माझं असायला हवं होतं."

"तुझं नाहीये."

"माहितेय गं बाई. म्हणून तर बोलतोय."

नागपूरच्या विद्यापीठातलं ते सभागृह जुनं होतं, खुर्च्यांच्या फळ्या वाजायच्या. बाहेर व्हरांड्यात तर्री-पोह्यांची पातेली लागली होती आणि देशभरातून आलेले खगोलशास्त्रज्ञ हातात प्लेटी घेऊन एकमेकांच्या दुर्बिणींची चौकशी करत होते. व्हरांड्याच्या टोकाला बाकावर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर पाच महिन्यांची जुई, बाजूला दुपटी, थर्मास आणि जोएलने दिलेली सुकेळ्यांची, म्हणजे सोलून वाळवलेल्या केळ्यांची, पुडी. जोएल तुस्कानो वसईचा. घरून आला की सुकेळी आणल्याशिवाय राहायचा नाही आणि ती माझ्याऐवजी आईंच्या हातात द्यायचा.

"किती वेळ लागेल तुला?" आईंनी विचारलं.

"अर्धा तास तो, अर्धा तास मी, मग प्रश्न. जास्त रडली तर आत घेऊन या."

"ती नाही रडत. तूच रडशील. तोंड बघ तुझं." त्यांनी जुईला खांद्यावर घेतलं. "आणि काय गं, तो तुझ्या यंत्राबद्दल बोलणार आणि तू त्याच्या? हे कुठलं शहाणपण?"

"सरांचा नियम आहे."

"सरांना घरी कुणी नसेल बोलायला," आई म्हणाल्या.

विशाखा हे आमच्या दुर्बिणीचं नाव. तेव्हा ती पुण्याला, आमच्या संस्थेच्या तळमजल्यावर, सुट्या भागांत होती. अतिनील किरण हवेत अडतात. ते बघायचे तर हवेच्या वर जावं लागतं, म्हणून ही अवकाशात जाणारी दुर्बीण. तिच्या आरशाने गोळा केलेला प्रकाश दोन उपकरणांकडे जायचा होता. एक माझा स्पेक्ट्रोग्राफ. त्याने एका वेळी एकाच ताऱ्याकडे रोखून बघायचं, त्याचा प्रकाश फोडून रंगांचा पट्टा मांडायचा, आणि तो तारा कशाचा बनला आहे ते त्या पट्ट्यावरून आपण वाचायचं. दुसरा जोएलचा कॅमेरा. त्याने आकाशाचा मोठा तुकडा एकदम टिपायचा, पुन्हा पुन्हा टिपत राहायचा, आणि कुठे काय बदललं ते दाखवायचं.

दोन्ही जाणार होती. मग प्रक्षेपणाचं यान बदललं, वजनाची मर्यादा खाली आली आणि वरून निरोप आला, की एकाच उपकरणाला जागा आहे. कोणतं न्यायचं ते वापरणाऱ्यांनीच ठरवावं. वापरणारे म्हणजे त्या व्हरांड्यात पोहे खात होते ते सगळे. त्यांच्यासमोर विशाखा मांडायची आणि हात वर करून कौल घ्यायचा, असं ठरलं.

स्पेक्ट्रोग्राफवर मी लग्नाच्या आधीपासून काम करत होते. त्याची प्रकाश फोडणारी जाळी माझ्यासमोर घडली, दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. जुई पोटात होती तेव्हा शेवटची चाचणी मी स्टुलावर पाय वर करून घेतली होती. कौल विरुद्ध गेला तर तो कपाटात जाणार होता, आणि अवकाशात जायची संधी असं कपाटातलं उपकरण पुन्हा शोधत बसत नाही. हे मला माहीत होतं. जोएललाही त्याच्या कॅमेऱ्याबद्दल हेच माहीत होतं.

आमचे प्रमुख थिटेसर. त्यांचे वडील वाईच्या पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवायचे, आणि सर भौतिकशास्त्राकडे वळले तरी ती पाठशाळा त्यांच्यातून गेली नव्हती. निरोप आला त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं.

"समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडता येईपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाही. याला पूर्वपक्ष म्हणतात," ते म्हणाले. "नागपूरला हेमांगी कॅमेरा मांडेल. जोएल स्पेक्ट्रोग्राफ मांडेल. स्वतःच्या उपकरणाबद्दल एक अक्षर कुणी बोलायचं नाही."

"सर, आमच्याकडे चर्चमध्ये पापं ज्याची त्यानेच सांगायची असतात," जोएल म्हणाला.

"तिथे शिक्षाही ज्याची त्यालाच होते. इथे तसं नाही." सरांनी चष्मा पुसला. "आणखी एक. प्रश्न अडला की पाणी प्यायचं. उत्तर खरं असेल तर पाणी पिऊनही तेच राहतं."

मी बाळंतपणाच्या रजेच्या शेवटी होते. म्हणून शिकवणी आमच्याच घरी झाली. जोएल दुपारी यायचा, बूट काढायचा, हात धुवायचा, कारण आई त्याला तसं जुईला हात लावू द्यायच्या नाहीत, आणि मग आम्ही जमिनीवर बसायचो. मध्ये गोधडी, गोधडीवर जुई, तिच्या एका बाजूला त्याचा संगणक, दुसऱ्या बाजूला माझा. गॅलरीत लंगोट वाळत असायचे. नवरा, सुजय, तेव्हा बोटीवर होता. चार महिने तरी परतणार नव्हता.

पहिल्या दिवशी आम्ही दोघंही वाईट विद्यार्थी होतो.

"तुझा कॅमेरा म्हणजे गर्दीचा फोटो," मी म्हणाले. "सगळे दिसतात, ओळखू कुणीच येत नाही."

"आणि तुझा स्पेक्ट्रोग्राफ म्हणजे जावई शोधणारी आत्या. एकालाच धरून त्याचं गोत्र, पगार, दातात कीड आहे का, सगळं विचारत बसणार. तेवढ्यात बाकीच्यांची लग्नं होऊन जातात."

स्वयंपाकघरातून आई हसल्या. त्यांना आमचं कामातलं काही कळत नसे, पण टोमणे सगळे कळायचे.

दुसऱ्या दिवशी जोएल शांत झाला. मी त्याला एका मेलेल्या ताऱ्याचा पट्टा दाखवला. असा तारा कधीकधी आपल्याच ग्रहांचे तुकडे गिळतो. त्याच्या प्रकाशात मग लोह दिसतं, मॅग्नेशियम दिसतं, म्हणजे त्या ग्रहाचा खडक कसला होता ते वाचता येतं. ग्रह उरलेला नसतो, त्याचा जमाखर्च उरतो. जोएलने तो पट्टा पुष्कळ वेळ बघितला.

"हे तू मला इतकी वर्षं का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. तुला वजन किती एवढंच हवं असायचं."

त्यानंतर तो माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारायला लागला. मी मात्र अडूनच होते. कॅमेऱ्याची मापं पाठ झाली होती, चित्रं तयार होती, पण मांडताना आवाजात जीव येत नव्हता. तो मला तेच तेच समजावत होता.

"मोठा तारा फुटतो तेव्हा त्याची पहिली झळाळी अतिनीलमध्ये असते. काही तासांची. जमिनीवरच्या दुर्बिणींना तो दिसेपर्यंत ती विझलेली असते. ते पहिले तास आपल्याकडे जवळजवळ नाहीतच."

"मग कुणीतरी कळवेल की कुठे फुटला. मी स्पेक्ट्रोग्राफ तिकडे वळवेन."

"कोण कळवेल?"

"कुणीतरी."

"हेमा, तेच तर. कुणीच नसतं तिथे."

त्या आठवड्यात जुई पालथी पडायच्या बेतात होती. एका अंगावर वळायची, हात अडकायचा, चिडायची, परत उताणी. मी सुजयला कबूल केलं होतं की पहिल्यांदा पडेल तेव्हा फोनवर टिपून ठेवेन. रोज सकाळी मी फोन धरून तिच्यासमोर बसत होते. ती माझ्याकडे बघून हसायची आणि काही करायची नाही.

"टक लावू नये बाळाकडे," आई जाता-येता म्हणायच्या. "दृष्ट लागते."

"आई, दृष्ट-बिष्ट काही नसतं."

"नसेना. पण ते बाळही अवघडतं. तू असं डोळे फाडून बसल्यावर मीसुद्धा पालथी पडणार नाही."

एका दुपारी मी फोन बाजूला ठेवला आणि जोएलने काढलेली आकृती बघायला वळले. स्फोटाच्या प्रकाशाची रेघ होती. उजवीकडे उतरत गेलेली, भरपूर ठिपक्यांची. डावीकडे, सुरुवातीला, कोरं.

"इथे काय आहे?" मी विचारलं.

"तेच म्हणतोय. इथे काय आहे ते माहीत नाही."

"अगं, पडली!" स्वयंपाकघराच्या दारातून आई ओरडल्या. त्या मेथी निवडत होत्या, परात मांडीवर, पाठ अर्धी आमच्याकडे. "पालथी पडली! मान बघ कशी वर धरलीय!"

मी वळले तेव्हा जुई पालथी होतीच. हात सुटलेला, मान थरथरत वर, आणि चेहऱ्यावर आपण काय केलं याचा पत्ता नसलेला भाव. फोन उचलेपर्यंत तिने मान खाली टाकली आणि गोधडीचा कोपरा तोंडात घातला.

"परत करेल की," जोएल म्हणाला.

"करेल," मी म्हणाले.

आईंनी मेथीची परात खाली ठेवली, जुईला उचललं, तिच्या कपाळावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

"तुम्ही कशा बघत होता?" मी विचारलं. "तुम्ही तर भाजी निवडत होता."

"बघत कुठे होते? नजर होती." त्यांनी पंचवीस वर्षं दापोलीला बालवाडी चालवली होती आणि ती कुठल्याही विषयात येऊ शकत असे. "तीस पोरं असायची माझ्याकडे. एकाच्या तोंडाकडे बघत बसलं की दुसऱ्याने नाकात वाटाणा घातलाच. नजर फिरती ठेवावी लागते."

"काकू, तुम्हीच चला नागपूरला," जोएल म्हणाला. "माझा कॅमेरा तुम्हीच मांडा."

"चलते. पोहे मिळतात ना तिथे?"

अशा त्या नागपूरला आल्या.

जोएल आधी बोलला. मी पहिल्या रांगेत, थिटेसरांच्या शेजारी होते. पहिली दोन चित्रं त्याने भरभर सरकवली आणि तिसऱ्यावर थांबला. मेलेल्या ताऱ्याचा पट्टा. एवढ्या मोठ्या सभागृहात बोलायचं सोडून चित्राकडे बघत उभा राहिलेला वक्ता मी त्याआधी पाहिला नव्हता. लोकांनाही कळेना. मग तेही चित्राकडे बघू लागले.

"डबा कितीही घासला," तो म्हणाला, "तरी आदल्या दिवशी आत काय भाजी होती ते वासावरून कळतं. या ताऱ्याने एक ग्रह खाल्लाय. हा त्याचा वास."

हे तो इंग्रजीत म्हणाला, पण हसू सगळ्या भाषांत आलं. आणि मग त्याने माझं काम इतकं स्वच्छ मांडलं की मला ते पहिल्यांदा बाहेरून दिसलं. मी मांडलं असतं तर जाळीच्या रेघा किती बारीक आहेत ते सांगत बसले असते; दोनदा नापास झालेल्या चाचणीबद्दल बोलले असते. त्याने ते काही सांगितलं नाही. त्याने फक्त सांगितलं, की असं उपकरण वर गेलं तर आपण दुसऱ्या जगांच्या मातीला हात लावू. टाळ्या लांबल्या. माझ्या मागे कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "झालं, ठरलं." मलाही तसंच वाटलं. छातीत दुधाचा पान्हा दाटला होता, आणि जीवही भांड्यात पडला होता.

मग मी उठले. बोलणं सरळ केलं. कॅमेरा किती आकाश बघतो, किती वेळाने परत त्याच जागी येतो, त्याची चित्रं त्याच दिवशी सगळ्यांसाठी खुली कशी होणार. शेवटी ती रेघ दाखवली, डावीकडे कोरी असलेली. "इथे काय आहे ते माहीत नाही," मी म्हणाले, आणि खाली वाकून संगणक बंद केला. टाळ्या पडल्या. जोएलला पडल्या तेवढ्या नव्हत्या.

प्रश्न सुरू झाले. वजन, वीज, खर्च. स्पेक्ट्रोग्राफबद्दलचे जोएलने घेतले, कॅमेऱ्याबद्दलचे मी. मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवत होत्या, मडावी आडनाव, छातीवर परिषदेचं ओळखपत्र उलटं लटकलेलं.

"माझा प्रश्न हेमांगी मॅडमना आहे. मला चौकशी केल्यावर कळलं की स्पेक्ट्रोग्राफ खरं तर तुमचा आहे. म्हणजे आता दोन्ही आतून माहीत असलेलं या खोलीत तुमच्याइतकं कुणी नाही. जागा एक आहे. तुम्ही कुठलं पाठवाल?"

सभागृहात हालचाल झाली. अध्यक्ष म्हणाले, "हा प्रश्न नियमात बसत नाही. स्वतःच्या उपकरणाबद्दल त्यांनी बोलायचं नाही, असं ठरलं आहे." आणि थिटेसरांकडे बघितलं.

सर बसल्या जागेवरून म्हणाले, "तिला द्यायचं असेल तर देऊ दे. नसेल तर नाही."

नाही म्हणायची सोय होती. कुणालाही ते गैर वाटलं नसतं. जोएल टेबलापलीकडे उभा होता. त्याने मान किंचित हलवली, नको अशी. त्याच्या डोक्यात काय होतं ते मला नंतर कळलं.

टेबलावर पाण्याचा पेला होता. मी तो उचलला आणि प्यायले. सभागृहाच्या मागच्या दारात आई जुईला घेऊन उभ्या होत्या. ती कुरकुरत असावी, त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होत्या. आत कुणी काय बोलतंय ते त्यांना कळत नव्हतं आणि त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. दारापाशी चहाचा ट्रे घेऊन आलेल्याला वाट करून देत होत्या.

मी पेला खाली ठेवला.

"कॅमेरा," मी म्हणाले.

कुणीतरी खुर्ची वाजवली.

"का?" मडावी मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता. बहुधा त्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"माझे तारे थांबतील," मी म्हणाले. "आज नाही वाचले तर वीस वर्षांनी वाचता येतील. मी नाही तर दुसरं कुणी वाचेल. कॅमेऱ्याला जे दिसणार आहे ते थांबत नाही. आपण तिथे असलो तर असतो, नाहीतर ते होऊन जातं."

मी खाली बसले.

कौल घेतला. हात दोनदा मोजावे लागले. कॅमेरा थोडक्यात पुढे राहिला, आणि ते थोडके हात कुठून आले ते सगळ्यांना ठाऊक होतं.

व्हरांड्यात जोएलने मला गाठलं. गळ्यातला माइक त्याने काढला नव्हता.

"काय केलंस तू हे?"

"विचारलं ते सांगितलं."

"माझ्यावर उपकार?"

"तुझा संबंध नाही यात."

"माझा कॅमेरा आणि माझा संबंध नाही!" तो खरोखर चिडला होता. "मी तीन आठवडे घासलोय तुझ्या स्पेक्ट्रोग्राफसाठी. आज सकाळी माझं ठरलं होतं की तोच जावा. मडावी मॅडमनी मला विचारलं असतं तर मी तुझं नाव घेतलं असतं. घेतलंच असतं!"

"तुला नाही विचारलं."

"तेच तर!" तो म्हणाला आणि मग त्यालाच हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "लोक म्हणतील, बाईने दिलं म्हणून मिळालं."

"म्हणू देत. वर गेल्यावर कुणी विचारत नाही कुणी दिलं."

थिटेसर आले. हातात पोह्यांची प्लेट, तर्रीचा डाग सदऱ्यावर. ते माझ्याकडे बघत राहिले.

"मी बोलायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मत बदलायला सांगितलं नव्हतं."

"हो, सर."

"आणि बदललंच तर जोएलचं बदलेल असं मला वाटलं होतं."

"त्याचंही बदललं, सर."

सरांनी जोएलकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पोह्यांकडे. "वडील असते तर म्हणाले असते, दोघेही नापास," ते म्हणाले, आणि मला प्लेट दिली. "खा. गार झालेत."

आई बाकावर होत्या. जुई आता चांगलीच रडत होती. मी तिला घेतलं आणि पदर ओढून कोपऱ्यात बसले.

"काय झालं?" आईंनी विचारलं. "टाळ्या तर पडल्या."

"माझं नाही जाणार, आई."

"मग कुणाचं जाणार?"

"जोएलचं."

"आणि तू कुणाचं बोललीस?"

"त्याचंच."

"मग बरं बोललीस की," आई म्हणाल्या. मग पुडीतून एक सुकेळं काढून, सोलायचं नसतं तरी उगाच चाचपून, त्यांनी माझ्या तोंडात घातलं. माझे दोन्ही हात अडकलेले होते.

स्पेक्ट्रोग्राफ मी स्वतः बांधला. पिशवीत कोरडा वायू भरून, तोंड वितळवून बंद करून, पेटीत. पेटीवर माझ्या हाताने नाव घातलं. मग रजा संपवून जोएलच्या कॅमेऱ्यावर रुजू झाले. तिथे आकाशातल्या ओळखीच्या ताऱ्यांवरून त्याचं माप बरोबर येतंय का ते बघायचं काम होतं. पहिले काही महिने तो मला नजर देत नव्हता. नंतर आम्ही पूर्वीसारखे भांडू लागलो.

विशाखा वर गेली तेव्हा जुई पहिलीत होती. दुसऱ्या वर्षी एक तारा फुटला आणि त्याआधीच्या काही मिनिटांपासून कॅमेरा आकाशाचा तोच तुकडा टिपत होता. मी जुईच्या शाळेत पालकसभेला बसले होते. जोएलचा निरोप आला. शब्द एकही नव्हता, फक्त तीच रेघ. डावीकडे आता ठिपके होते. त्या ठिपक्यांची चढण आमच्या कुणाच्याच अंदाजासारखी नव्हती. बाई जुईच्या अक्षराबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं.

थिटेसरांना ती रेघ बघायला मिळाली. आईंना मी घरी येऊन दाखवली. "कोरं होतं ते भरलं," मी म्हणाले. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "वाटाणा सापडला म्हण की."

आता दोघंही नाहीत. जुई नववीत आहे. विशाखा जुनी झाली, आणि तिच्यानंतरच्या दुर्बिणीची तयारी चालू आहे. तिच्यासाठी एक मोठा कॅमेरा सुचवला गेला आहे, जोएलचा आणि त्याच्या हाताखालच्या मुलामुलींचा. एक स्पेक्ट्रोग्राफही सुचवला गेला आहे. त्यासाठी मी ती पेटी उघडली. जाळीवर एकही डाग नव्हता. ज्या मेलेल्या ताऱ्याचा पट्टा जोएलने दाखवला होता, तोही होता तिथेच आहे.

जागा याही वेळी एकच आहे. परिषद पुढच्या महिन्यात. सर नसले तरी त्यांचा नियम कुणी मोडलेला नाही.

"तुझं तूच का नाही सांगत?" जुईने विचारलं. जेवणाच्या टेबलावर माझी चित्रं पसरली होती, कॅमेऱ्याची.

"कारण ते माझं आहे."

"काहीही," ती म्हणाली.

काल जोएलचा फोन आला. तिसऱ्या चित्राबद्दल दोन शंका होत्या, त्या झाल्या. तरी त्याने फोन ठेवला नाही.

"हेमा, आणि याही वेळी कुणीतरी उठून विचारलं तर? यावेळी मला?"

"काय विचारलं तर?"

"तुला माहितेय काय. माझ्यामागे या वेळी सहा पोरं आहेत. त्यांची नोकरी आहे त्यात. आणि मला तर आत्ताच…"

"जोएल."

"काय?"

"पाणी पी," मी म्हणाले.